पंच्याण्णव अंशांची लेन्स

"मला लेन्स घ्यायची आहे," असं मी एका रविवारी सकाळी, अर्ध्या गालाला साबण असताना, आरशाकडे बघत बायकोला सांगितलं. हेच वाक्य मी दाढी उरकून, तोंड पुसून, खुर्चीवर बसून आणि मुख्य म्हणजे पूर्ण सांगितलं असतं तर बराच गोंधळ टळला असता. पण माझी सवयच अशी, की अर्धं बोलायचं आणि उरलेलं समोरच्याने समजून घ्यावं अशी अपेक्षा करायची. (ऑफिसात मी आवक-जावक कारकून आहे. कागद आला की त्याच्यावर नंबर टाकायचा आणि पुढे ढकलायचा. आत काय लिहिलंय ते वाचायची जबाबदारी दुसऱ्याची.)

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला.

"कुठल्या डोळ्याला?"

"अं?"

"उजव्या की डाव्या? तरी मी म्हणतच होते. परवा तुम्ही मिठाच्या बरणीत साखर ओतलीत."

"अगं, डोळ्याला नाही, कॅमेऱ्याला! वाईड अँगल लेन्स. तिच्यातून डावीकडचं, उजवीकडचं सगळं एकदम दिसतं."

"डावीकडचं-उजवीकडचं बघायला तुम्हाला लेन्स लागते होय? समोर ठेवलेला चहा तेवढा दिसत नाही."

कॅमेऱ्याची गोष्ट तिला पटली नाही. मी ऑपरेशनला घाबरून विषय बदलतोय असं तिने ठरवलं आणि दुपारी आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावला. संध्याकाळी ताईंचा मला फोन.

"भाऊजी, अजिबात घाबरायचं नाही. मोतीबिंदू म्हणजे हल्ली वीस मिनिटांचं काम. मी येईन तुमच्याबरोबर. ह्यांच्यापाशी तासभर कुणालातरी बसवते आणि येते."

ते ऐकून मला इतकी लाज वाटली, की एक डोळा खरोखरच बिघडला असता तर बरं झालं असतं. कारण ताईंच्या घरात तेव्हा काय चाललं होतं ते मला ठाऊक होतं. आणि ती लेन्ससुद्धा मला त्यांच्याच घरासाठी हवी होती.

ताईंचे यजमान म्हणजे माझे साडू. मी त्यांना दादा म्हणतो. दादा रस्त्यांच्या खात्यात सर्व्हेअर होते. दुर्बिणीतून कोन मोजायचे, साखळीने अंतर मोजायचं, खुंट्या ठोकायच्या, आणि रस्ता कुठून जाणार ते ठरवायचं. दरीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावरच्या माणसाला हाका मारण्यात जन्म गेल्यामुळे ते घरात मीठ मागायचे तेही शेजारच्या घरात ऐकू जायचं. आता त्यांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती, पलंगाशेजारी एक यंत्र दिवसरात्र गुरगुरत असायचं आणि चार शब्द बोलले की पाचव्यासाठी त्यांना थांबावं लागायचं.

महिन्यापूर्वी डॉक्टरांनी ताईंना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, की फुप्फुसं संपत आली आहेत. सहा महिने, फार तर. ताई लिफ्टमध्ये शिरल्या, आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत त्यांचं ठरलं. "ह्यांना सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "उमेदीवर जगणारा माणूस आहे. उमेद गेली तर सहाचे दोन होतील." मग दादांना सांगण्यात आलं, की खडी फोडण्याची जुनी धूळ छातीत बसली आहे, औषधाने हळूहळू निघेल. दादांनी विश्वास ठेवला. ताई कधी खोटं बोलत नाहीत हे त्यांना पस्तीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

आणि एक दिवस ते मला म्हणाले, "आवकजावक..."

(हे माझं नाव. पंचवीस वर्षांत त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही.)

"तुमच्याकडे तो कॅमेरा आहे ना? मुलीने टाकलेला?"

"टाकलेला नाही दादा, दिलेला."

"तेच ते. घाटात जाऊन या. सातव्या वळणावर उभे राहा. आणि दरी घेऊन या मला. पूर्ण."

तो घाट दादांनी आखला होता, एकतीस वर्षांपूर्वी. वर्षभर तंबूत राहून त्यांनी एकेक खुंटी स्वतः ठोकून घेतली, आणि शेवटची खुंटी बसली त्याच आठवड्यात त्यांची सपाट मुलखात बदली झाली. रस्ता पुढे झाला, गाड्या सुरू झाल्या, पण तो दादांनी पाहिला नाही. मुलांच्या परीक्षा होत्या, मग आईचं आजारपण होतं, मग निवृत्ती, मग गुडघे. दरवर्षी ते पुढच्या वर्षी जाणार होते.

"पुढच्या वर्षी मी जाईनच," ते म्हणाले. "पण तोवर बघून ठेवतो. तुकड्यातुकड्यांत नको. एका चौकटीत. व्हिडिओ काढा, आधी तिथून आणि मग गाडीतून उतरताना."

मी म्हटलं, त्यात काय, आणतो. त्यावर त्यांनी ताईंना कपाटातून एक जुनी वही काढायला लावली. मोजणीची वही. तिच्यात पेन्सिलीने लिहिलेले आकडे अजून स्वच्छ दिसत होते. सातव्या वळणावरून डावीकडच्या सुळक्यापासून उजवीकडच्या बंधाऱ्यापर्यंत कोन पंच्याण्णव अंश. मग त्यांनी माझ्या कॅमेऱ्याची पुस्तिका मागवली, दोन दिवस चष्मा लावून वाचली, आणि तिसऱ्या दिवशी निकाल दिला.

"तुमच्या लेन्सवर अठरा लिहिलंय. अठराला सहासष्ट अंश दिसतात. एकोणतीस अंश दरी बाहेर राहते. दहाची लेन्स आणा."

"अठरापेक्षा दहा कमी नाही का दादा?"

"आकडा लहान, तितकं जास्त दिसतं."

(आमच्या ऑफिसात उलटं आहे. पण ते असो.)

म्हणून त्या रविवारी दाढी करताना मी ते वाक्य बोललो होतो.

कॅमेऱ्याच्या दुकानातला मालक शांत माणूस होता. त्याने विचारलं, "बजेट किती?"

"परवडेल असं."

"परवडेल म्हणजे?"

"म्हणजे बायकोला सांगता येईल असं."

त्याने मान डोलावली. तोही संसारी असावा. त्याने काउंटरवर तीन लेन्स मांडल्या. पहिली अशी जड, की ती कॅमेऱ्याला लावण्याऐवजी कॅमेराच तिला लावावा लागला असता. ती अंधारातही फोटो काढते, म्हणाला. दुसरी जुनी, सगळं हाताने फिरवायचं. तिसरी हलकी, प्लॅस्टिकची, तिच्यावर लिहिलं होतं दहा ते अठरा. "अंधारात जरा कमजोर आहे," तो म्हणाला, "पण तुम्हाला उन्हात डोंगर काढायचे आहेत. आणि हात थरथरला तरी व्हिडिओ थरथरत नाही, आत तशी सोय आहे. प्रवासाला हीच न्या."

सांगितलं त्याने अगदी सरळ. शहाणा माणूस तिथेच थांबला असता. पण बाहेर फुटपाथवर एक विक्रेता बसला होता, त्याच्याकडे जुन्याच लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची एक काच होती. 'वाईड होते,' म्हणाला. किंमत ऐकून मला बायकोचा चेहरा समाधानी दिसायला लागला. घेतली.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी ती काच लावून दादांच्या खोलीचा फोटो काढला आणि त्यांना दाखवला. कपाट गरोदर दिसत होतं. दरवाजा कंबरेत वाकला होता. पलंगाचे पाय एकमेकांना भेटायला निघाले होते.

दादा बराच वेळ बघत राहिले. "ही खोली आहे... की भोपळा?" ते म्हणाले. "असा रस्ता मी आखला असता, तर पहिलीच गाडी..." आणि पुढचं त्यांना हसण्यामुळे बोलता येईना. हसण्यातून खोकला आला, ताई धावत आल्या, यंत्राचं बटण वर झालं, पाठ चोळली. खोकला थांबल्यावर डोळे पुसत दादा म्हणाले, "बिस्किटं आहेत का गं?"

ताई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. बिस्किटांचा डबा हातात धरून त्या नुसत्याच उभ्या राहिल्या.

"भाऊजी, महिन्याभरात आज पहिल्यांदा त्यांनी आपणहून काहीतरी खायला मागितलं. ती दुसरी लेन्स कधी घेणार तुम्ही?"

"उद्याच घेतो ताई. दुकानदाराने चांगली दाखवलीय."

"उद्या नको."

"मग?"

"घेऊच नका एवढ्यात. तुम्ही रोज या, त्यांच्याशी लेन्सबद्दल बोला. त्या चांगल्या लेन्समध्ये काहीतरी खोट काढा. मग दुसरी बघा, तिच्यात काढा. त्यांना डोकं चालवायला मिळू दे."

"पण ताई, मला काय कळतंय त्यातलं? खोट काढायची म्हणजे..."

"जमेल तुम्हाला," ताई अगदी मनापासून म्हणाल्या. "तुमचं कुठलं काम आजवर वेळेवर झालंय?"

तेव्हापासून सहा आठवडे मी लेन्स न घेण्याचं काम केलं. आयुष्यात इतकं चोख काम मी दुसरं केलेलं नाही. रोज ऑफिस सुटलं की दुकानात जायचं, काहीतरी विचारायचं, आणि ते घेऊन दादांकडे जायचं. आज काय, तर दहा-अठराच्या फोटोत काठाकडच्या रेषा किंचित वाकतात म्हणे. दादा दोन उशा पाठीला लावून उठून बसत, वही उघडत, पेन्सिलीने आकृती काढत आणि सिद्ध करत की इतक्या वाकण्याने दरीला काही होत नाही. मग मी बाराची आणायचो. बाराला किती अंश? दादा हिशेब करायचे. "बंधारा जातो," म्हणायचे. "बंधारा सोडायचा नाही." एक पूर्ण आठवडा आम्ही, लेन्सच्या मोटरची घरघर व्हिडिओत ऐकू येते की नाही, या प्रश्नावर घालवला. दादांना ती घरघर नको होती. त्यांना घाटातला वारा ऐकायचा होता.

मी येणार म्हणून दादा दाढी करून बसायला लागले. ताईंनी मला ते हळूच सांगितलं. पण त्याच सहा आठवड्यांत चार शब्दांचे तीन झाले. वहीतली पेन्सिलीची अक्षरं फिकट होत गेली. पेन्सिल तीच होती. तिच्यावर जोर पडत नव्हता. मी ते बघायचो आणि म्हणायचो, "दादा, एक सेकंडहँड चौदाची मिळतेय, ती कशी?" आणि दादा मला समजावून सांगायचे, थकून जाईपर्यंत. घरी जाताना मला कळायचं नाही, की मी त्यांचे दिवस वाढवतोय की खातोय.

एक दिवस त्यांनी वही मिटली.

"आता पुरे. दहा-अठरा घ्या. उद्या."

"पण दादा, काठाला जरा..."

"काठाला काही होत नाही. ऊन उतरायला लागलंय. सातव्या वळणावर सावली येईल. मग दरी नाही मिळायची."

मी ताईंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. दाराशी मला पोचवायला आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "जा मग."

दुकानाच्या मालकाने लेन्स पिशवीत घालताना विचारलं, "ही मी तुम्हाला पहिल्याच दिवशी दाखवली होती ना?"

"हो."

"मग इतके दिवस काय करत होतात?"

"विचार," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती वाईड अँगल नव्हती. थेट माझ्या कपाळावर होती.

मी आणि बायको, दोघं गेलो. पायथ्याशी भाड्याची गाडी केली. सातव्या वळणावर कमरेएवढा दगडी कठडा आहे आणि गाडी थांबवायला थोडी जागा. वारा असा, की टोपी एका हाताने धरावी लागत होती. मी तिवई उभी केली, कॅमेरा चढवला, रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लागल्याची खात्री केली. स्क्रीन काळी दिसत होती. उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही असं दुकानदार म्हणाला होता, ते मला आठवलं आणि स्वतःच्या तयारीचं कौतुक वाटलं. मग मी हात पाठीमागे बांधून, मोठ्या कलावंतासारखा, दहा मिनिटं दरीकडे बघत उभा राहिलो. बायकोने थर्मासमधून चहा ओतला. आम्ही दोघं बोललो, जे नवराबायको घराबाहेर पडल्यावर बोलतात ते.

मग बायको म्हणाली, "अहो, ह्याच्या तोंडावर हे झाकण कसलं आहे?"

झाकण काढलं. पुन्हा सुरुवात केली. आणि मग मी पहिल्यांदा ती दरी नीट पाहिली. रस्ता डोंगराच्या अंगावरून सात वेळा वळून खाली उतरत होता, आणि अगदी तळाशी ट्रक मुंग्यांएवढे दिसत होते. एवढ्या सगळ्या गाड्या, आणि कुणालाही वळताना थांबावं लागत नव्हतं. मला रस्त्यातलं काही कळत नाही. पण इथे रस्ता नव्हता तेव्हा एक माणूस वही घेऊन याच उतारावरून चालला होता, आणि त्याने म्हटलं होतं इथून वळा, हे मला तेव्हा कळलं. बायको कठड्याला टेकून डोळे पुसत होती. वाऱ्यामुळे, म्हणाली.

येताना गाडीतून उतारभर व्हिडिओ घेतला. माझा हात थरथरत होता. व्हिडिओ थरथरला नाही.

रविवारी सकाळी आम्ही दादांच्या खोलीत जमलो. ताईंनी टीव्ही पलंगासमोर सरकवून ठेवला होता. दादा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मी कॅमेऱ्यातलं कार्ड टीव्हीला लावलं, रिमोट हातात घेतला आणि पहिलं बटण दाबलं.

पडदा काळा.

"झाकण," दादा म्हणाले.

सगळे हसले. दादा सगळ्यात जास्त. मी पुढच्या व्हिडिओचं बटण शोधायला लागलो. पडद्यावर काही नव्हतं, पण वारा ऐकू येत होता, आणि दादा डोळे मिटून तो ऐकायला लागले होते. मग थर्मासचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग माझ्या बायकोचा.

"ताईला परवा डॉक्टर काय म्हणाले, ते कळलं ना तुम्हाला?"

आणि मग माझा आवाज, स्वच्छ, खणखणीत: "हो. दोन महिने. फार तर."

मी रिमोटचं एक बटण जोरात दाबलं. ते दहा सेकंद मागे जाण्याचं होतं.

"...काय म्हणाले, ते कळलं ना तुम्हाला?" "हो. दोन महिने. फार तर."

मी दुसरं दाबलं असं मला वाटलं. ते तेच होतं.

"हो. दोन महिने. फार तर." "आणि ते बिचारे पुढच्या वर्षीचं बोलतायत." "म्हणून तर मला त्यांच्यासमोर बसवत नाही गं. रोज तोंडाकडे बघून खोटं बोलायचं..." आणि त्यानंतर मी घाटाच्या सातव्या वळणावर नाक शिंकरलं, ते त्या खोलीत कर्ण्यासारखं वाजलं.

ताई उठून टीव्हीसमोर उभ्या राहिल्या होत्या. काळ्या पडद्यावर झाकण्यासारखं काही नव्हतं, तरी दोन्ही हात पसरून उभ्या होत्या. बायकोने भिंतीतला प्लग उपटला तेव्हा कुठे तो माझा आवाज थांबला.

लेन्सच्या मोटरची घरघर मात्र आली नव्हती. त्या बाबतीत आम्ही काळजी घेतली होती.

ऑक्सिजनचं यंत्र गुरगुरत होतं. दादा समोर बघत होते. त्यांनी हात चादरीवर सपाट ठेवले होते, दोन्ही, नकाशा उडू नये म्हणून ठेवावेत तसे.

"लावा परत," ते म्हणाले.

"दादा, मी..."

"पुढचं. दरी."

बायकोने प्लग लावला. मी लावली दरी. ती पूर्ण दिसत होती, सुळक्यापासून बंधाऱ्यापर्यंत. दादांनी एक बोट उचललं आणि वळणं मोजली. सातही. मग गाडीतला व्हिडिओ. तिसऱ्या वळणावर ते म्हणाले, "हा कठडा मी दिला नव्हता. बरं केलं त्यांनी." उतार संपून गाडी तळाला लागली आणि पडदा थांबला.

"क्षितिज पडलंय," दादा म्हणाले. "डावीकडे. दीड अंश."

"हो दादा."

"तिवई लेव्हल करत जा." मग ताईंकडे न बघता त्यांनी पलंगाच्या कडेवर हात आपटला. "तू बस इथे."

आम्ही दोघं बाहेर आलो. मी दादांच्या चपला घालून घरी गेलो, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

ताईंचा फोन आला तो बायकोला. माझ्याशी त्यांना बोलायचं नव्हतं. बायकोने निरोप सांगितला नाही, पण मी पलीकडचा आवाज ऐकला होता. "एवढे महिने मी तोंड दाबून सांभाळलं, आणि ह्यांनी दहा मिनिटांत..." पुढे रडणंच होतं. त्यांचं बरोबर होतं. मी तिकडे जाणं बंद केलं. ऑफिसात एकाच पत्रावर दोनदा नंबर टाकले, एक आवक आणि एक जावक. साहेबांनी विचारलं, हे पत्र आलं की गेलं?

नवव्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन. दादा स्वतः.

"आवकजावक." श्वास. "मला मोजून दिवस मिळालेत." श्वास. "त्यातले आठ तुम्ही खाल्लेत." श्वास. "या."

गेलो. खुर्चीवर नुसता टेकलो. म्हणालो, "चपला आणल्यात तुमच्या."

"पहिले दोन दिवस," ते म्हणाले, "तुम्ही भेटला असतात तर मारलं असतं. उठता आलं असतं तर." थांबले. मी पाणी दिलं. "मग हिने सांगितलं. हे सगळे महिने ती बाथरूममध्ये जाऊन रडत होती. नळ सोडून. मला वाटायचं, हिला आंघोळीला एवढा वेळ का लागतो."

ताई दारात उभ्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, पण गेल्याही नाहीत.

"आता इथे बसून रडते," दादा म्हणाले. "मीही रडतो. बरं झालं असं म्हणणार नाही मी, आवकजावक. बरं काही झालेलं नाही. पण नळ बंद झाला."

"एक सांगा," दादा म्हणाले. "ही लेन्स... पहिल्या दिवसापासून दुकानात होती?"

"हो."

"मग सहा आठवडे?"

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी किंचित मान हलवली. मग मी स्वयंपाकघरातली सगळी गोष्ट सांगितली, बिस्किटांच्या डब्यासकट. दादा ऐकत राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला.

"आणि मी हिला सांगत होतो," ते म्हणाले, "की तुझ्या बहिणीचा नवरा चिक्कू आहे."

त्यानंतर मी रोज जायला लागलो. दादांनी कागदांवर सह्या केल्या, मुलांना बोलावून घेतलं, कुठल्या तरी जुन्या साहेबाला फोन करून वीस वर्षांपूर्वीची माफी मागितली. ताईंना त्यांनी घाटाची गोष्ट सांगितली, तंबूपासून. एकतीस वर्षांत त्यांना ती कुणी पूर्ण सांगितली नव्हती. एका दुपारी ते मला म्हणाले, "माझा एक फोटो काढा. त्याच लेन्सने. वसूल होऊ दे." खोली लहान, मागे सरकायला जागा नाही, म्हणून मी पलंगाला चिकटून उभा राहिलो आणि काढला. त्यात ते हसत होते. माझ्याकडे बघून सगळेच हसतात, त्यामुळे त्यात माझं कसब काही नव्हतं.

त्या रविवारपासून सातव्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, ते गेले. ताई जवळ होत्या. हातात हात होता. मी त्या वेळी ऑफिसात एका पत्रावर नंबर टाकत होतो. कुठल्या पत्रावर ते आठवत नाही. पुष्कळ आठवून पाहिलं.

ताईंना तोच फोटो मोठा करून हवा होता. अलीकडचा दुसरा नव्हताच. मी कार्ड दुकानात नेऊन दिलं आणि दोन फुटांची चौकट करून आणली, आणि भिंतीला लावल्यावर माझ्या लक्षात आलं. वाईड अँगल लेन्सला जे सगळ्यात जवळ असतं ते सगळ्यात मोठं दिसतं. माणसाच्या चेहऱ्यात सगळ्यात जवळ नाक असतं. कॅमेऱ्याच्या बोटभर पडद्यावर ते कळलं नव्हतं. दोन फुटांत ते भिंत सोडून खोलीत आलं होतं.

"ताई, मी दुकानात सांगून कमी करून आणतो. हल्ली येतं करता."

"राहू दे," ताई म्हणाल्या. "हसतायत ना त्यात." आणि त्या आत गेल्या. त्या दिवसांत त्या कुठल्याच गोष्टीवर दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नव्हत्या. हसणं तर नाहीच.

महिन्याने एक म्हातारे गृहस्थ आले. दोन गाड्या बदलून, काठी टेकत. एकतीस वर्षांपूर्वी घाटात दादांच्या हाताखाली मोजणीची साखळी धरायचे. बातमी त्यांना उशिरा कळली होती. ताईंनी त्यांना बसवलं, बायकोने चहा आणला. कप हातात तसाच धरून म्हातारबुवा फोटोकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. बऱ्याच वेळाने ते माझ्याकडे झुकले आणि त्यांना वाटलं तेवढ्या हळू आवाजात (दरीत काम केलेला तोही माणूस) त्यांनी विचारलं,

"साहेबांना दुखणं... नाकाचं होतं का हो?"

मग ताईंच्या हातातली बशी वाजायला लागली. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. कप खाली ठेवला, तोंडावर हात दाबला, तरी हसू थांबेना. डोळ्यांतून पाणी गालांवर आलं आणि त्या हसतच राहिल्या. माझी बायकोही तोंड फिरवून हसायला लागली. म्हातारबुवा कावरेबावरे झाले.

"काही चुकलं का माझं, बाई?"

"नाही हो बाबा," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "दुखणं छातीचंच होतं." आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "नाक ह्यांच्यामुळे झालं."

म्हातारबुवांनी माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि आपली खुर्ची उचलून माझ्यापासून हातभर लांब ठेवली.